तुळजापूरची वाट आणि दमलेले पाय

मुलांनो, एक प्रश्न विचारू? आजवर तुम्ही एका दिवसात जास्तीत जास्त किती चाललात? शाळेपर्यंत एक किलोमीटर? सहलीला गड चढताना चार-पाच? आणि तेवढ्यात "सर, अजून किती राहिलं?" असं कितीदा विचारलंत? खरं सांगा हं!

आज आपण अशा एका वाटेनं जाणार आहोत, जिथं एका पौर्णिमेला लाखो माणसं ४५ किलोमीटर चालतात. त्यात कॉलेजातली पोरं असतात, तशाच नऊवारी नेसलेल्या आज्याही असतात. कुणाच्या पायात चपला, तर कुणी अनवाणी. ही वाट सोलापूरहून निघते आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूरला जाते. आणि ती पौर्णिमा असते कोजागरीची.

आता गंमत पाहा. मॅरेथॉन ही ऑलिंपिकमधली धावण्याची सर्वांत लांब शर्यत. तिचं अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. म्हणजे कोजागरीला सोलापूरहून निघालेली एखादी आजी मॅरेथॉनपेक्षा तीनेक किलोमीटर जास्तच कापते! ती धावत नाही, चालते, हे खरं. पण साठ हजारांहून जास्त पावलं टाकायची म्हणजे काही खायचं काम नाही. एवढी ताकद येते कुठून? पायांतून? की आणखी कुठून? चला, चालता चालताच शोधू या.

चांदण्यातली वाट

सोलापुरात तुळजापूरच्या रस्त्याला रूपाभवानीचं देऊळ आहे. पुष्कळ जण तिथं हात जोडून वाटेला लागतात. एरवी या महामार्गावर ट्रक आणि एसटीची नुसती वर्दळ असते. पण कोजागरीच्या सुमारास वाहनं दुसऱ्या रस्त्यानं वळवतात आणि सगळा रस्ता पायी चालणाऱ्यांचा होतो. विजयपूर, कलबुर्गीकडची मंडळीही आलेली असतात. मराठी, कानडी, तेलुगू, सगळ्या बोली कानावर पडतात आणि मधूनच एकच गजर उठतो, "आई राजा उदो उदो!"

उळे गाव मागं पडतं. पाय अजून ताजे असतात, गप्पा रंगलेल्या असतात. मग येतं तामलवाडी. इथं आपण सोलापूर जिल्हा सोडून धाराशिव जिल्ह्यात शिरतो. या जिल्ह्याचं नाव पूर्वी उस्मानाबाद होतं, २०२३ साली ते धाराशिव झालं. तामलवाडी म्हणजे साधारण निम्मी वाट. आणि खरी परीक्षा सुरू होते ती इथंच! निम्मं अंतर सरलं याचा आनंद कमी आणि निम्मं उरलंय याची धास्ती जास्त. तळव्यांना फोड आलेले, पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या. "आता नाही गं बाई जमत," असं म्हणत कुणी रस्त्याकडेला बसकण मारतं.

पण ही वाट कुणाला एकटं सोडत नाही. जागोजागी मांडव असतात. कुणी चहा देतं, कुणी केळी, कुणी साबुदाण्याची खिचडी. काही ठिकाणी तर अनोळखी माणसं चालणाऱ्यांचे पाय चेपून देतात! घटकाभर टेकलं की बसलेली मंडळी पुन्हा उठतात आणि माळुंब्र्याकडं चालू लागतात.

शेवटी लागतो घाट. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे आणि तुळजापूर सुमारे साडेसहाशे मीटरवर, बालाघाटाच्या डोंगरात. म्हणजे या वाटेचा सर्वांत अवघड तुकडा सर्वांत शेवटी येतो. रात्रभर चालून पायांचे तुकडे पडलेले आणि समोर चढ!

आणि इथंच एक नवल घडतं. वर तुळजापूरचे दिवे दिसू लागले, की मघाशी एक पाऊल टाकायला तयार नसलेली माणसं झपाझप चढू लागतात. गजराचा आवाज वाढतो. "थांब रे जरा" म्हणणारे आजोबाच नातवाच्या पुढं निघतात.

जरा विचार करा. पायांतली ताकद खरोखरच संपली होती, तर ती घाटात आली कुठून?

आजीचा लाडवांचा डबा

हाच प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. नोबेल पारितोषिक मिळवणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ आर्चिबाल्ड हिल यांनी १९२०च्या दशकात धावपटूंवर प्रयोग केले. स्नायूंना पुरेसा प्राणवायू मिळेनासा झाला, की माणूस दमतो, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे मोटारीतलं पेट्रोल संपावं तसं. पेट्रोल संपलं, मोटार थांबली!

पण मोटार आणि माणूस यांत फरक आहे. पेट्रोल संपत आलेली मोटार घर दिसलं म्हणून जोरात पळत नाही. माणूस मात्र पळतो. लांबच्या शर्यतीत शेवटच्या फेरीची घंटा वाजली, की धावपटू वेग वाढवतात, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. दक्षिण आफ्रिकेतले डॉक्टर टिम नोक्स यांनी नेमकं याच गोष्टीवर बोट ठेवलं. ते म्हणाले, की आपला मेंदू सतत अंदाज घेत असतो. किती वाट उरली, ऊन किती, अंगात शक्ती किती, याचा तो हिशेब मांडतो आणि शरीराला इजा होण्याच्या बरंच आधी 'दमलो, थांबा' अशी सूचना देतो.

कसं, सांगू? दिवाळीत आजी म्हणते, "संपले रे लाडू!" आपण हिरमुसतो. पण संध्याकाळी पाहुणे आले, की फडताळातल्या मागच्या डब्यातून चार लाडू हळूच बाहेर येतात. आजी खोटं बोलली का? नाही. अडीअडचणीला तिनं थोडे राखून ठेवले होते. मेंदूही तसाच. तो म्हणतो "संपलं", पण मागच्या डब्यात थोडं असतं.

हा मेंदू नेमकं काय काय मोजतो, यावर शास्त्रज्ञांचे अजून वाद चालू आहेत. पण दमणं हे फक्त पायांत नसतं, डोक्यातही असतं, हे आता प्रयोगांनी दिसून आलं आहे.

एक प्रयोग तर भलताच मजेदार आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये नऊ सायकलपटूंना तासाभराची शर्यत दिली. मधूनमधून त्यांना एक पाणी तोंडात घोळवायला सांगितलं. गिळायचं नाही, थुंकून टाकायचं! कधी त्यात एक शर्करायुक्त पदार्थ होता, कधी नुसतं पाणी. पोटात काहीच गेलं नव्हतं, तरी शर्करा असलेल्या पाण्यानं चूळ भरल्यावर ते जवळजवळ तीन टक्के जास्त वेगानं गेले. मेंदूला तोंडातून सांगावा गेला, 'खाऊ येतोय', आणि त्यानं मागच्या डब्याचं झाकण जरा उघडलं!

वाटसरूंची युक्ती

आता पुन्हा आपल्या वाटेकडं वळू. तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी हे प्रयोग वाचलेले नसतात. पण त्यांच्या सवयी बघितल्या, तर शास्त्रज्ञही मान डोलावतील.

पहिली सवय म्हणजे वाटेचे तुकडे करणं. जाणता माणूस "४५ किलोमीटर जायचंय" असं म्हणत नाही. तो म्हणतो, "तामलवाडीला चहा घेऊ." मग म्हणतो, "माळुंब्र्याला जरा टेकू." पुढचा मुक्काम डोळ्यांच्या टप्प्यात असला, की मेंदूचा हिशेब सोपा होतो. जगभरातल्या मॅरेथॉनचे सुमारे ९८ लाख निकाल काही संशोधकांनी तपासले. त्यात दिसलं, की ठीक चार तासांच्या किंचित आधी पोचणाऱ्यांची गर्दी होते आणि चार तास उलटल्यावर ती एकदम ओसरते. पायांना काय ठाऊक घड्याळात किती वाजले? ठाऊक असतं ते डोक्याला!

दुसरी सवय म्हणजे बोल. "उदो उदो"च्या गजरात पावलं पडतात. "आलंच आता," असं शेजारचा सांगतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ जणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. मग त्यातल्या निम्म्यांना स्वतःला धीर देणारी छोटी वाक्यं म्हणायला शिकवली, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा सायकलवर बसवलं. ज्यांनी वाक्यं म्हटली, त्यांनी आधीपेक्षा १८ टक्के जास्त वेळ दम धरला. बाकीच्यांत तशी वाढ दिसली नाही. स्नायू तेच, सायकल तीच. बदललं ते फक्त मनातलं बोलणं.

तिसरी सवय म्हणजे रात्रीचं चालणं. ऑक्टोबरातलं ऊन कसं चटका देतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. उन्हात शरीर तापतं. ते फार तापू नये म्हणून मेंदू आधीच चाल मंद करतो. चांदण्यातला गारवा म्हणजे थकव्यावरचं फुकटचं औषध!

आणि या वाटेवरून शाळेतल्या मुलांना कळायला हवी अशी आणखी एक गोष्ट. डोकं दमलं असेल, तर पायही लवकर दमतात. इटलीतले शास्त्रज्ञ अँजेलो मोस्सो यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी बोटाची ताकद मोजणारं एक यंत्र बनवलं होतं. तासन्‌तास व्याख्यानं देऊन किंवा परीक्षा घेऊन आलेल्या प्राध्यापकांचं बोट त्यावर लवकर थकतं, असं त्यांना आढळलं. पुढे २००९ साली सॅम्युएल मार्कोरा यांनी १६ जणांवर प्रयोग केला. एके दिवशी त्यांना दीड तास संगणकावर डोकं शिणवणारं काम दिलं, दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ माहितीपट दाखवला. मग सायकल. डोकं शिणलेल्या दिवशी त्यांनी १५ टक्के आधीच हार मानली! हृदय आणि फुप्फुसं दोन्ही दिवशी सारखंच काम करत होती. फक्त 'कष्ट फार होताहेत' असं त्यांना जास्त वाटलं.

म्हणून परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी मैदानावर पाय जड झाले, तर "मी मुळातच कच्चा आहे" असं समजू नका बरं का! आणि आईबाबांनो, शाळा, शिकवणी आणि गृहपाठ उरकून आलेल्या मुलाला "धावत का नाहीस नीट?" असं विचारण्याआधी हा प्रयोग जरा आठवा.

बालाघाटातला धावपटू

तुळजापूर ज्या बालाघाटाच्या रांगेत आहे, तीच रांग शेजारच्या बीड जिल्ह्यातही पसरलेली आहे. तिथल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे अविनाश साबळे यांचं गाव. शेतकरी कुटुंबात १९९४ साली त्यांचा जन्म झाला. शाळा सुमारे सहा किलोमीटर दूर. गाडीघोड्याची सोय नव्हती, मग काय, कधी चालत, कधी धावत शाळा गाठायची. बारावीनंतर ते सैन्यात गेले. सियाचीनच्या बर्फातही राहिले आणि राजस्थानच्या वाळवंटातही. शर्यतीत धावायला लागले ते त्यानंतर, २०१५ साली.

त्यांची शर्यत म्हणजे ३००० मीटरची स्टीपलचेस. तीत २८ अडथळे ओलांडायचे आणि ७ वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारायची. या शर्यतीतला गोपाळ सैनी यांचा राष्ट्रीय विक्रम १९८१ पासून तसाच होता. साबळेंनी तो २०१८ साली मोडला, आणि पुढं स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडत राहिले.

२०२२ साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. १९९८ पासून तिथं या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाकडंच जात होती. अशा वेळी दुसऱ्या कुणाही धावपटूचं मन म्हणेल, 'आपण चौथं येऊ, तेवढं पुरे.' साबळे मात्र शेवटपर्यंत केनियाच्या धावपटूंना चिकटून राहिले. सोनं आणि त्यांच्यात अंतर राहिलं फक्त ०.०५ सेकंदाचं! त्यांना रौप्यपदक मिळालं. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकलं.

पण एक लक्षात ठेवा. हे नुसतं 'मनात आणलं आणि झालं' असं नव्हे. त्यामागं वर्षानुवर्षांचा सराव आहे. सरावानं पाय बळकट होतात आणि मेंदूचा भरवसाही वाढतो. 'हे आपण पूर्वी केलंय, काही बिघडलं नव्हतं,' असं त्याला कळतं आणि तो 'थांब' म्हणायला जरा उशीर लावतो.

देवीसुद्धा विसावा घेते

मग काय, मेंदू "थांब" म्हणाला तरी थांबायचंच नाही? छे, छे! इथंच फार सांभाळायला हवं.

१९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये इटलीचा दोरांदो पिएत्री मॅरेथॉन धावत होता. स्टेडियममध्ये तो सगळ्यांच्या आधी शिरला. पण भान इतकं हरपलं होतं, की तो उलट्या दिशेनंच निघाला. पडला, उठला, पुन्हा पडला. उरलेल्या साडेतीनशे मीटरना त्याला दहाएक मिनिटं लागली. पंचांनी हात देऊन उठवलं, म्हणून शेवटी तो बादही झाला. त्याच्या मेंदूची सूचना कधीच येऊन गेली होती, पण तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

त्याहून वाईट वाटावं अशी गोष्ट आपल्याच देशातली आहे. २००६ सालच्या मे महिन्यात, ओडिशात बुधिया सिंग नावाच्या एका चिमुरड्याला पुरीहून भुवनेश्वरकडं धावायला लावलं. वय अवघं चार वर्षं! तो सात तासांहून जास्त वेळ धावला, ६५ किलोमीटर गेला आणि कोसळला. मोठ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी मात्र कपाळाला हात लावला. पुढं तिथल्या सरकारनं त्याच्या अशा लांब धावण्यावर बंदी घातली, ते बरंच झालं. स्वतःची मर्यादा हळूहळू स्वतः ओलांडणं वेगळं, आणि दुसऱ्यानं ती आपल्याकडून ओलांडून घेणं वेगळं. लहान मुलाला तर 'नको' म्हणायचंही सुचत नाही.

या बाबतीत तुळजापूरची एक प्रथा फार बोलकी आहे. नवरात्रात देवीनं महिषासुराशी युद्ध केलं, दसऱ्याला सीमोल्लंघन झालं, आणि मग देवी दमली, असं भाविक मानतात. म्हणून दसऱ्यानंतर मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. या निद्रेला म्हणतातच 'श्रमनिद्रा'. त्यासाठी पलंग येतो तो अहिल्यानगरकडून, तोही पायी प्रवास करत. कोजागरी पौर्णिमेला पहाटे देवी पुन्हा सिंहासनावर बसते. रात्रभर चालून घाट चढलेली माणसं याच पौर्णिमेला तिच्यापुढं उभी राहतात.

बघा, दैत्याला हरवणारी देवीसुद्धा पाच दिवस विसावा घेते, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही!

तुमच्या मैदानावर

आता तुमची पाळी. शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारताना तिसऱ्या फेरीला "संपलं" असं वाटलं, तर लगेच बसू नका. वेग थोडा कमी करा. शेवटच्या फेरीचा विचार नको, समोरच्या झाडापर्यंतच जायचं ठरवा. झाड आलं, की पुढचा खांब. मनाशी एखादं छोटं वाक्य म्हणा. शक्यतो मित्राच्या जोडीनं धावा. आठवड्याला थोडं थोडंच अंतर वाढवा. मागच्या डब्यात काही आहे का, ते हळूहळू तुमचं तुम्हालाच कळेल.

आणि धाप लागणं, पोटऱ्या भरून येणं, कंटाळा येणं ही झाली दमल्याची लक्षणं. पण चक्कर आली, छातीत दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, बोलणं अडखळू लागलं किंवा एखाद्या ठिकाणी टोचून दुखू लागलं, तर लगेच थांबा, सावलीत बसा आणि मोठ्या माणसांना सांगा. पहिल्या वेळी मेंदू फक्त हिशेब सांगत असतो, दुसऱ्या वेळी तो हाक मारत असतो. या दोन्हींतला फरक ओळखायला शिकणं, हीच लांब पल्ल्याच्या धावपटूची खरी विद्या.

कधी धाराशिव जिल्ह्यात गेलात, तर सोलापूरच्या रस्त्यानं तुळजापूरला जा. गाडीत असाल, तरी तामलवाडीपासून घाटापर्यंत काचेबाहेर बघत राहा. रस्त्याकडेला किलोमीटरचे दगड एकामागून एक येतील. त्या प्रत्येक दगडापाशी कुणीतरी कधीतरी "आता नाही जमत" म्हणून टेकलेलं आहे, आणि घोटभर चहा पिऊन पुन्हा उठून चालू लागलेलं आहे.